पाऊणकी

आत्याला हरिहरेश्वरला न्यायचं म्हणून डिसेंबरातला एक शुक्रवार मी ऑफिसात आधीच मागून ठेवला होता. तसं आत्याला फोन करून सांगितलं, तर पलीकडून कॅलेंडर खिळ्यावरून काढल्याचा खडखडाट ऐकू आला. पानं उलटली. "शुक्रवारी अवस आहे," ती म्हणाली.

झालं, मी मनात म्हटलं. अवसेला कोण देवाला निघतंय. "मग पुढच्या आठवड्यात जाऊ."

"पुढच्या आठवड्यात अष्टमी. सकाळी सहाला समुद्र तुडुंब आणि सुकती भर दुपारी बाराला. मला काय उन्हात भाजायला नेतेस? अवसेलाच जायचं. बाराला भरेल, सहाला उतरेल आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना परत उतरलेला सापडेल."

आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची. गेली पन्नास वर्षं डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते आणि तिच्या खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसते. तरी बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशी आज पाणी कुठवर आलं असेल, हे ती भाजी निवडता निवडता सांगते. यात गूढ काही नाही. तिला पाऊणकी येते, एवढंच. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत. आमच्या पिढीपर्यंत येताना हे सगळं गळून गेलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. द्वादशीला नऊ. भरतीनंतर साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे तुमच्या-आमच्या भाषेत ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. खरं तर भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते आणि पाऊणकीत 45 येतात, म्हणून पक्षाच्या शेवटाला हिशेब थोडा मागे पडतो: पंधरा पाऊण सव्वाअकरा, पण पौर्णिमेला नि अवसेला पाणी बाराच्या सुमारास भरतं. आत्याला हे माहीत आहे. "शेवटी शेवटी जरा हात सैल सोडायचा," ती म्हणते, जणू काही मिठाचं प्रमाण सांगतेय.

जायचं होतं हरिहरेश्वरला. देवळापाशी पोचायला तिथी लागत नाही, गाडी लागते. पण हरिहरेश्वरची प्रदक्षिणा गाभाऱ्याभोवती नाही, देवळामागच्या डोंगराला आहे. आणि त्या डोंगराची एक बाजू समुद्रात उभी आहे. तिथे जमीन दिवसातून दोनदाच असते.

पुण्याहून ताम्हिणी उतरलो, माणगाव, साई, म्हसळा करत श्रीवर्धनला आलो. बरोबर माझा मुलगा होता, कॉलेजातला. त्याला यायचं नव्हतं, पण गाडी चालवायला मिळणार म्हणून आला. आत्या आदल्या दिवशीच पुण्याला येऊन राहिली होती. म्हसळ्याच्या पुढे तिने काच खाली केली ती वर घेतलीच नाही. श्रीवर्धन आलं तेव्हा मुलाला तिने सांगितलं, की बाळाजी विश्वनाथ भट इथलाच. 1713 साली पेशवा झाला तो. हा सगळा मुलूख तेव्हा जंजिऱ्याच्या सिद्दीचा. म्हणजे पुढे पुण्याहून हुकूम सोडणाऱ्या घराण्याचं कुलदैवत सिद्दीच्या हद्दीत. जंजिरा संस्थान 1948 साली विलीन झालं. तोवर राज्य निराळं आणि देव आपला, असाच कारभार इथे चालला. "व्हिसा लागायचा का?" मुलाने विचारलं. आत्याने ते मनावर घेतलं नाही. पहिल्या बाजीरावाने 1723 मध्ये देवळाचा जीर्णोद्धार केल्याचं सांगतात, तेही तिने सांगितलं. मग सुपाऱ्यांच्या वाड्या लागल्या तशी ती गप्प झाली.

बारा वाजून गेले होते तेव्हा पोचलो. इथला रिवाज असा, की आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि मग परत काळभैरव. काळभैरवाच्या देवळात योगेश्वरी आहे. हरिहरेश्वराच्या गाभाऱ्यात ब्रह्मा, विष्णू, महेश आणि पार्वती अशी चौघांची लिंगं. नाव दोघांचं आणि नांदतात चौघं. गर्दी बेताची होती. अमावास्येने आमच्यासारख्या बऱ्याच जणांना घरी बसवलं असावं.

दर्शन झाल्यावर मुलगा आणि मी काळभैरवाच्या मागून वर चढून पायऱ्यांपर्यंत गेलो. दोन कड्यांच्या मधून, खडकाच्या फटीतून त्या पायऱ्या सरळ समुद्राकडे उतरतात. खाली पाहिलं तर शेवटच्या काही पायऱ्या नव्हत्याच. पाणी होतं. लाट आली की फटीत शिरायची, फेस वर चढायचा, दोन पायऱ्या गिळायचा आणि सावकाश ओघळत परत जायचा. घड्याळात साडेबारा. बाई डोंबिवलीत बसून सांगते आणि समुद्र ऐकतो.

अशा जागी लोक बुडतात. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेत माणसं वाहून गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. जाताना वाट कोरडी असते, फोटो काढत माणूस पुढे जातो आणि वळून बघतो तर मागची वाट गेलेली असते. भरतीच्या वेळी जाऊ नये असं फलकावर लिहिलेलं मी कितीतरी किनाऱ्यांवर वाचलंय. भरती कधी, ते काही त्यावर नसतं. एक काळी पाटी, एक खडू आणि पाऊणकी येणारा एक माणूस, एवढ्यावर काम भागेल. असो.

संध्याकाळी सहाला उतरेल, तेव्हा जाऊ या का, असं मी विचारलं. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंनीच मोडता घातला. "सहाला पाणी उतरेल, पण उजेडही उतरेल. सकाळी जा. प्रतिपदा, पाऊण वाजताची भरती, पावणेसातला पुरती सुकती. अवसेचं उधाण आहे, तेव्हा पाणी लांबवर जाईल." उधाण म्हटलं की आपल्याला चढलेला समुद्रच आठवतो. पण उधाणाला तो जेवढा चढतो तेवढाच उतरतोही. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, तेव्हा ना धड चढ, ना धड उतार. हेही आत्याने अष्टमी नाकारताना जमेला धरलं होतं, पण ते मला नंतर कळलं.

रात्री जेवायला वालाचं बिरडं, भात आणि सोलकढी. जेवण झाल्यावर काकू नि आत्या पडवीत सुपारी कातरत बसल्या. श्रीवर्धनी रोठा. अडकित्त्यातून एकेक पांढुरकी चकती पडत होती. विषय निघाला तो वादळाचा. 3 जून 2020, निसर्ग. काकूंच्या वाडीत तीनशेच्या वर पोफळी होत्या, त्यातल्या चाळीस राहिल्या. पोफळीचं झाड उंच, अंगाने काठीएवढं, आणि मुळं वरवर. वारा आला तशी एकमेकींच्या अंगावर पडत गेल्या. लावलेल्या रोपाला सुपारी धरायला पाच-सहा वर्षं जातात. "नवीन लावलेल्या आत्ता कुठे लागायला लागल्यात," त्या म्हणाल्या. पत्रे उडाले, वीज महिनाभर नव्हती. मग एकदम, "एक बरं झालं. निर्जला एकादशीचा दुसरा दिवस. द्वादशी."

आत्याने मान हलवली. "नऊची भरती."

"वादळ जमिनीला लागलं दुपारी. तोवर सुकती लागलेली. नाहीतर समुद्र वाडीतच होता."

मी आणि मुलगा दोघींकडे आळीपाळीने बघत होतो. वादळाची आठवण लोक वाऱ्याच्या वेगाने सांगतात, पडलेल्या झाडांनी सांगतात. तिथीने सांगितलेली पहिल्यांदाच ऐकली. सणांचंही मग तसंच असणार, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला. चौदा पाऊण साडेदहा. म्हणजे इंग्रजी तारीख कुठलीही येवो, हरिहरेश्वरला महाशिवरात्रीच्या सकाळी साडेदहा-अकराला समुद्र चढलेलाच असणार आणि पहाटे साडेचार-पाचला नि संध्याकाळी त्याच वेळेला उतरलेला. बाजीरावाच्या काळातही तसाच. ज्याचे सण चंद्रावर चालतात त्या देवाला समुद्राची वेगळी विचारपूस करावी लागत नाही.

आता आत्याला इथे का यायचं होतं ते सांगायला हवं.

तिचं माहेर, म्हणजे आमचं मूळ गाव, खाडीपलीकडे मंडणगड तालुक्यात. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि इथे हरिहरेश्वरच्या दक्षिणेला समुद्राला मिळते. अलीकडे रायगड, पलीकडे रत्नागिरी. 1962 साली आत्या अकरा वर्षांची असताना माझी आजी तिला घेऊन तरीने, म्हणजे होडीने, खाडी ओलांडून आली. आजीचा नवस होता. कशाचा ते आत्याला कधी कळलं नाही, आणि विचारायचं धाडस त्या घरात कुणाला नव्हतं. आता गंमत बघा. होडी काठाला लागायला भरती लागते, नाहीतर उतरून गुडघाभर चिखलातून जा. आणि प्रदक्षिणेला सुकती लागते. दोन्हीचा मेळ घालायचा तर भरतीबरोबर यायचं, पाणी उतरेपर्यंत देवदर्शन-जेवण करायचं, प्रदक्षिणा घालायची आणि पुढच्या भरतीला परत. आजीने सगळं पाऊणकीने नीट बसवलं होतं. पण तांडेल, म्हणजे होडीवाला, उशिरा आला. आजी अलीकडच्या काठावरच्या बागमांडल्याहून चालत देवळाशी पोचली तेव्हा समुद्र उतरून परत फिरायच्या बेतात होता. तरी ती पोरीला घेऊन पायऱ्या उतरली. अर्ध्यावर गेल्या असतील. एका ठिकाणी कड्याच्या पोटात खोल बीळ आहे, त्यात लाट शिरली की घुम्म होतं. तो आवाज आला आणि आजी थांबली. एका जाळीच्या दगडाला तिने हात लावला, नमस्कार केला आणि म्हणाली, "चल मागे."

"अर्धीच राहिली," आत्या म्हणाली होती.

"शंकराची अर्धीच असते," आजीने सांगितलं.

ते खोटं नाही. शंकराच्या देवळात पूर्ण फेरी घालत नाहीत. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ती पन्हळ ओलांडायची नाही, तिथवर जायचं आणि उलटं फिरायचं. सोमसूत्री प्रदक्षिणा म्हणतात तिला. पण ती देवळातली. इथे डोंगराला पुरा वळसा घालतात, हे अकरा वर्षांच्या मुलीलाही माहीत होतं, आणि आपली समजूत घातली जातेय हेही.

आता आत्याचा उजवा गुडघा कामातून गेलेला. सकाळी सहाला आम्ही अंधारात काळभैरवाच्या मागे उभे राहिलो. तिने पायऱ्यांकडे बॅटरी मारली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हे काही माझ्याच्याने होत नाही."

मला वाटलं, संपलं. मी समजूत घालायला तोंड उघडलंही होतं.

"ऐक. हा अर्धा भाग माझा झालाय. पायऱ्यांपासून घुम्म होतं तिथपर्यंत. राहिलाय तो तिथून वाळूपर्यंत. तू इकडून ये. मी पोराला घेऊन वाळूच्या बाजूने तिथवर येते."

"पण ती उलटी होईल ना, आत्या?"

"ती धरायचीच नाही. ती नुसती वाट. तिथून तुझ्याबरोबर सुलटी येईन, ती धरायची."

आमच्या घरात एक चार्टर्ड अकाउंटंट आहे. तो ही नोंद बिनतक्रार मान्य करेल असं मला वाटलं.

मी एकटी उतरले. काल जिथे फेस होता तिथल्या पायऱ्या हिरव्या, बुळबुळीत, पण कोरड्यासारख्या. फटीतून बाहेर आले आणि समोर काळ्या खडकाचं अंगण पसरलेलं. समुद्र त्याच्या कडेला जाऊन बसला होता, बारीक आवाज करत. डोंगर उजव्या हाताला, पाणी डाव्या. कडा पश्चिमेला, म्हणून सूर्य दिसत नव्हता. नुसता उजेड वाढत होता.

जाळीचा दगड म्हणजे काय ते मला तिथे कळलं. संबंध कडाच जाळीचा. सह्याद्रीचाच हा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. खारं पाणी उडून त्याच्या बारीक छिद्रांत बसतं, पाणी उडून जातं, मीठ राहतं. मिठाचा स्फटिक वाढतो आणि दगडाचा कण आतून ढकलून पाडतो. हे असं इतकी वर्षं, की कुठे मधाच्या पोळ्यासारखी घरं, कुठे लेस विणल्यासारख्या पातळ भिंती, त्यांच्या कडा बोटाला लागल्या तर खरवडतात. एका भोकात मी बोट घातलं आणि जिभेला लावलं. खारट. भोकाच्या तळाशी चिमूटभर वाळू साठलेली होती, दगडाचीच. बाकी वाटेवर गायत्रीतीर्थ, चक्रतीर्थ, विष्णुपद अशी नावं आहेत. खडकातल्या डबक्यांना, खाचांना. एका डबक्यात बोटभर मासा अडकून फिरत होता, दुपारच्या भरतीची वाट बघत.

पुढे वळणावर दोघं दिसली. आत्याने साडी वर खोचलेली, एक हात मुलाच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात चपला. ती कड्याकडे तोंड करून उभी होती आणि चेहऱ्यावर स्पष्ट नाराजी.

"सापडत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"बीळ. इथं तीन आहेत. आणि जाळीचा दगड म्हणशील तर दगड दुसरा कुठला आहेच कुठे?"

ओळखण्याची खूण आवाज होती. आणि आवाज पाण्याचा. पाणी उतरलेलं, म्हणून तर आम्ही तिथे उभे होतो. तिन्ही बिळांच्या तोंडाशी शेवाळ आणि शिंपल्यांचे तुकडे, आत नुसता काळोख. मुलगा प्रत्येकात तोंड घालून "घुम्म" असं ओरडून आला. तिसऱ्यात जरा बरा घुमला, असं त्याचं मत पडलं. आत्याने त्याच्याकडे बघितलं, हसली नाही. तिसऱ्या बिळाशेजारच्या दगडाला तळहात लावला. तिची बोटं त्या घरांत बरोबर बसली, पण अशी कुणाचीही बसली असती.

"इथंच," ती म्हणाली.

"नक्की?"

"ठरवलं की झालं. चल, सात वाजले, आता फिरेल तो."

तिथून वाळूपर्यंतचं अंतर मी एकटी असते तर दहा मिनिटांत गेले असते. आम्हाला चाळीस लागली. ती बोलत नव्हती. पाय ठेवण्याआधी दगड बघायची, काठीने दोनदा टोचायची आणि मग वजन टाकायची. घसरले मी, ती नाही. ढोपर फुटलं, पाण्याची बाटली समुद्रात गेली आणि मुलाने त्याचा फोटो काढला. वाळू आली तेव्हा आत्या खाली बसली, चपला घातल्या आणि डोंगराकडे बघून हात जोडले. काय म्हणाली असेल ते मी विचारलं नाही. आमच्या घरात अजूनही तेवढं धाडस नाही.

मग रिवाजाप्रमाणे परत काळभैरव, मग काकूंकडे गरम पोहे, आणि दहाच्या सुमारास बागमांडल्याला. तिथून पलीकडच्या वेसवीला जंगलजेटी, म्हणजे गाड्या नेणारी बोट, जाते. गाडी, ट्रक, मोटारसायकली, माणसं, सगळं एका पत्र्यावर. आत्याला गाव नुसतं बघून यायचं होतं. ती गाडीतून उतरून कठड्याशी जाऊन उभी राहिली. पाणी अजून भरायचं होतं, दोन्ही काठांना चिखल उघडा पडलेला, त्यात बगळे.

तिकीट फाडणाऱ्या पोराला तिने विचारलं, "ही सुकतीलाही जाते?"

"जाते की आजी. भरती, सुकती, कधीपण."

तिने चिखलाकडे बघितलं, मग मागे हरिहरेश्वरच्या डोंगराकडे.

"मग काय," ती म्हणाली, "कुणीही घालील प्रदक्षिणा."